आधी आंबट घालून बघा

सिरॅमिक्स शिकणाऱ्याच्या घरचा ओटा पहिल्या वर्षातच बदलू लागतो. स्टीलच्या वाट्यांशेजारी हाताने घडवलेली एखादी वाटी येते, मग चहाचे कप, मग मिठाचं भांडं. घरचे कौतुकाने वापरतात, आपणही हौसेने करत राहतो. माझ्या वाट्यांचा एक संच आमच्या घरी असाच रोजच्या जेवणात आला. हिरवट-निळसर रंग, न चकाकणारा मॅट पोत. ग्लेझ विभागातल्या सामायिक बादलीतलं होतं, आधीच्या कुठल्या तरी बॅचने कालवलेलं. बादलीवर मार्करने ‘फूड सेफ’ लिहिलेलं होतं आणि सगळेच ते वापरत होते.

एका रात्री त्यातल्या एका वाटीत लिंबाची कापलेली फोड राहून गेली. सकाळी आई ती वाटी घेऊन आली. “अगं, हे बघ, कळकल्यासारखं झालंय.” फोड उचलली, तर खाली तिचा ठसा उमटला होता. हिरव्याच्या जागी फिकट राखाडी गोल, आणि बोट फिरवलं तर तेवढीच जागा खरखरीत. लिंबाच्या आम्लाने एका रात्रीत ग्लेझमधलं तांबं ओढून घेतलं होतं. त्याच वाट्यांमधून आम्ही सोलकढी प्यायलो होतो, चिंचगुळाची आमटी जेवलो होतो.

आईला हा प्रकार चटकन उमगला, कारण तिच्या माहेरी पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यात ताक ठेवायची कोणाची छाती नव्हती. कल्हईवाला येईपर्यंत त्या भांड्यात आंबट जायचं नाही. धातूच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या पाळलेली ही सावधगिरी चिनी मातीला मात्र आपण लावत नाही. ग्लेझ काचेसारखं दिसतं, म्हणून ते काचेइतकंच निर्धोक असणार असं धरून चालतो. घरासाठी भांडी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे गृहीत धरणं सोडावं, यासाठी हा लेख.

बादलीवरची अक्षरं पुरेशी नाहीत

ग्लेझ म्हणजे मातीच्या अंगावर वितळवलेली काचच. सिलिकामुळे काच तयार होते, ॲल्युमिना तिला ओघळू न देता टणक करतं आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमसारखी फ्लक्स ती भट्टीच्या तापमानाला वितळवतात. या तिघांचा तोल बसला आणि वितळ पूर्ण झाली, तर रंगासाठी घातलेली ऑक्साइड काचेत घट्ट अडकून राहतात. सिलिका कमी पडली, तांबं जास्त झालं किंवा भट्टीच्या थंड कोपऱ्यात ग्लेझ अर्धवटच वितळलं, तर ती सुटून अन्नात उतरतात. मॅट दिसणारं ग्लेझ कधी मुद्दाम तसं घडवलेलं असतं, तर कधी ते केवळ नीट वितळलेलं नसतं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून एकाच बादलीतलं ग्लेझ एका भट्टीत सुरक्षित आणि दुसरीत असुरक्षित ठरू शकतं. तपासायचं असतं ते तुमच्या मातीवर, तुमच्या भट्टीतून भाजून निघालेलं भांडं. सोपी चाचणी घरीच करता येते. लिंबाची फोड रात्रभर ठेवा किंवा भांडं अर्धं व्हिनेगरने भरून तीन दिवस झाकून ठेवा. मग धुऊन, पुसून, उजेडात तिरकं धरून बघा. रंग फिकटला, चकाकी गेली किंवा पोत बदलला, तर ते भांडं जेवणातून बाद. त्यात पेनं ठेवा, फुलं ठेवा.

मात्र या चाचणीत शिसं सापडत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. शिसं ग्लेझला कमी तापमानावर वितळवतं आणि सुरेख चकाकी देतं, म्हणून ते शेकडो वर्षं वापरात राहिलं. शिशाचं पारदर्शक ग्लेझ रंग जराही न बदलता विष सोडू शकतं. त्यात हिरव्या रंगासाठी तांबं मिसळलं, तर शिसं आणखी सहज सुटतं. लहान मुलांच्या मेंदूला त्यापासून सर्वांत मोठा धोका असतो. बाजारातून सुटं, घटक न लिहिलेलं कमी तापमानाचं ग्लेझ किंवा फ्रिट (ग्लेझसाठी आधीच वितळवून दळलेली काच) घेऊच नका. भांडी विकायची असतील, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. तिथे ४ टक्के ॲसिटिक ॲसिड भांड्यात २४ तास ठेवून त्यात उतरलेलं शिसं आणि कॅडमियम मोजतात.

सगळ्यात सोपा नियम असा: भांड्याच्या आतल्या बाजूला रंगाची ऑक्साइड नसलेलं, पूर्ण वितळणारं पांढरं किंवा पारदर्शक ग्लेझ लावा. रंगांचे सगळे प्रयोग बाहेरून करा, तेही ओठ टेकतात तो काठ सोडून. बेरियमसारखी विषारी द्रव्यं असलेली ग्लेझं स्वयंपाकघरात आणूच नका.

माती पाणी पिते का?

ग्लेझखालची मातीही तितकीच महत्त्वाची. लाल मातीची भांडी साधारण १००० ते ११५० अंशांना भाजतात आणि नंतरही ती पाणी शोषतात. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांना भाजतं, तेव्हा माती घट्ट मिटते. तुमची माती किती मिटली, हे वजनकाट्यावर कळतं. बिनग्लेझचा तुकडा त्याच भट्टीत भाजून घ्या, वजन करा, पाच तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात दिवसभर राहू द्या, पुसा आणि पुन्हा वजन करा. ३०० ग्रॅमचा तुकडा ३०९ ग्रॅम भरला, तर त्याने ३ टक्के पाणी प्यायलं. रोजच्या वापराच्या स्टोनवेअरमध्ये हा आकडा २ टक्क्यांच्या आत असावा, १च्या खाली असला तर उत्तम.

हा आकडा जास्त असेल, तर काय होतं ते माझ्या एका मैत्रिणीच्या मगाने दाखवलं. मातीत मुरलेलं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापलं. आतलं दूध कोमट आणि मगाचा कान मात्र हात पोळेल इतका गरम. लोणच्याचं तर विचारूच नका. सच्छिद्र बरणीतून खार हळूहळू झिरपतो आणि बाहेरच्या अंगावर मिठाचा पांढरा फुलोरा येतो. घरोघरीची पांढरी-तपकिरी बरणी वर्षभर लोणचं सांभाळते, ती घट्ट भाजलेल्या स्टोनवेअरची असते म्हणून.

सच्छिद्रपणा हा दोषच असतो असंही नाही. माठातलं पाणी गार होतं ते त्याच्यामुळेच. मातीच्या गाडग्यात दही घट्ट लागतं, कारण जास्तीचं पाणी माती शोषून घेते. धारावीच्या कुंभारवाड्यात भाजलेलं मडकं चुलीच्या आचेवर टिकतं, पण आपली सुंदर स्टोनवेअरची वाटी गॅसवर ठेवली तर तडकण्याचीच शक्यता जास्त. मडक्याची भरड, मोकळी माती उष्णतेचा धक्का पचवते. घट्ट मिटलेल्या मातीला ते जमत नाही. म्हणून भांडं कशासाठी हवं ते आधी ठरवा, मग माती आणि भट्टी निवडा.

जाळी आणि कपचे

भट्टी उघडल्यावर भांड्यांतून ‘टिंग टिंग’ आवाज येत असेल, तर कान द्या. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, तेव्हा त्यावर बारीक जाळी पडते. सजावटीच्या फुलदाणीवर ती शोभते. वाटीत मात्र त्या भेगांत हळद, तेल अडकतं आणि भांडं कमजोर होतं. ग्लेझमध्ये सिलिका वाढवून आणि सोडियम-पोटॅशियम कमी करून पुन्हा चाचणी घ्या. उलट ग्लेझ कमी आकसलं, तर काठावरून धारदार कपचे सुटतात. ते अन्नातून पोटात जाऊ शकतात, म्हणून असं भांडं मोह न धरता फोडून टाका.

माप घरच्या माणसांचं

माती वाळून-भाजून लांबी, रुंदी, उंची अशी प्रत्येक दिशेने १२ टक्के आकसली, तर ओली असताना ३०० मिली मावणारा कप शेवटी साधारण २०० मिलीचा होतो. हा हिशोब चाकावर बसण्याआधी करा. घरात चहा किती घेतात, आजीची बोटं कपाच्या कानात शिरतात का, वाट्या एकात एक बसतात का, हे विचारा. झाकण आणि बरणी एकाच मातीची, एकाच दिवशी करा आणि बिस्कला, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीला, एकत्र ठेवा. बूड ओल्या सिलिकॉन कार्बाइड कागदाने घासा, म्हणजे ओट्यावर चरे उठणार नाहीत.

ही घासाई आणि ग्लेझ कालवणं घरात कोरडं कधीही करू नका. मातीच्या आणि ग्लेझच्या धुळीतली सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. काम करताना एन-९५ मास्क लावा, जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ग्लेझसाठी वापरलेली भांडी, चमचे आणि चाळणी स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

शेवटी एक वही ठेवा. प्रत्येक ग्लेझची कृती, कोणत्या मातीवर लावलं, किती तापमान, भट्टीतली जागा आणि आंबटाच्या चाचणीचा निकाल तारखेसह त्यात लिहा आणि त्या नोंदीचा क्रमांक भांड्याच्या बुडावर कोरा. मग कोणी “यात लोणचं ठेवलं तर चालेल ना?” असं विचारलं, तर उत्तर त्या वहीतून द्या. वहीत नोंद नसेल, तर उत्तर ‘नाही’ हेच.