शाळेतील भोवळ व कमी रक्तदाब

प्रार्थनेच्या अथवा ध्वजवंदनाच्या वेळी रांगेत उभे असलेले एखादे मूल एकाएकी पांढरे पडून खाली कोसळते, हा अनुभव बहुतेक शाळांना आहे. अशा प्रसंगी कोणती भोवळ साधी व कोणती धोक्याची, हे शिक्षकास ओळखता आले पाहिजे.

रक्तदाब म्हणजे काय? हृदयाने ढकललेल्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे रक्तदाब होय. प्रौढांत तो साधारणपणे ९०/६० हून कमी असल्यास त्यास कमी रक्तदाब म्हणतात. मुलांचा रक्तदाब मुळातच प्रौढांहून कमी असतो. केवळ आकडा कमी असणे हा रोग नव्हे; मेंदूस व इतर अवयवांस रक्त अपुरे पडू लागले म्हणजे त्रास सुरू होतो.

लक्षणे : चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, मळमळणे, घाम सुटणे, अशक्तपणा वाटणे व शुद्ध हरपणे.

साधी भोवळ : फार वेळ उभे राहिल्याने रक्त पायांत साचते. त्यात मूल उपाशी असेल, पाणी कमी प्यायले असेल व ऊन असेल, तर भोवळ येते. मुलास उताणे निजवून पाय थोडे उंच करावेत, कपडे सैल करावेत व भोवतालची गर्दी हटवावी. बहुधा एक-दोन मिनिटांत ते सावध होते. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये.

धोक्याची अवस्था : जुलाब-वांत्या, रक्तस्राव, तीव्र जंतुसंसर्ग किंवा दंशानंतरची तीव्र प्रतिक्रिया यांमुळे रक्तदाब उतरल्यास आडवे निजवूनही मूल सुधारत नाही. मुलांच्या बाबतीत तर रक्तदाब सर्वांत शेवटी उतरतो. त्याआधीच हातपाय गार पडतात, नाडी जलद व क्षीण होते, लघवी कमी होते व मूल सुस्त होते. यंत्र नसले तरी ही चिन्हे शिक्षकास पाहता येतात. बोटाचे टोक पाच सेकंद दाबून सोडावे. गेलेला रंग दोन सेकंदांत परत आला नाही, तर ती धोक्याची सूचना समजावी.

डेंग्यूविषयी विशेष : पुणे शहरात व परिसरात पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण आढळतात. त्याच्या निदानाची चाचणी-साधने पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (स्थापना १९५२) तयार होतात. ताप उतरला म्हणजे दुखणे सरले, असा लोकांचा समज असतो. डेंग्यूत मात्र ताप उतरण्याच्या सुमारासच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळण्याची भीती असते. ताप गेल्यावर शाळेत आलेले मूल पोटदुखी, वारंवार वांत्या किंवा सुस्ती सांगत असेल, तर त्यास घरी न धाडता पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुण्यास ससूनमध्येच न्यावे लागेल, या विचाराने एस.टी.ची वाट पाहत बसू नये. पहिला उपचार जवळच्या केंद्रात मिळणे महत्त्वाचे. जुलाब झालेले मूल शुद्धीवर असेल, तर जलसंजीवनी थोडी थोडी पाजत राहावी.

वर्गातील उपक्रम : विद्यार्थ्यांस मनगटावरील नाडी मोजण्यास शिकवावे. प्रार्थनेपूर्वी कोण उपाशी आले आहे, याची रोज विचारपूस करावी व ध्वजवंदनापूर्वी सर्वांस पाणी पिण्यास सांगावे.