काळसर लघवी आणि मेंदूवरील परिणाम

सुपा परिसरातील जंगलात उंच झाडांवर व कड्यांवर आग्या मोहोळे बसतात. मोहोळ उठले तर एकाच माणसास शेकडो माश्या डसू शकतात. दंशाची आग ओसरली की संकट टळले, असे समजून पुष्कळ जण घरीच राहतात. वास्तविक अशा रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावयास हवे आणि पुढील दोन-तीन दिवस त्याच्या लघवीवर लक्ष ठेवावयास हवे.

या माश्यांचे विष स्नायूंच्या पेशी फोडते. ओंडक्याखाली वा दरडीखाली अंग फार वेळ दडपले गेल्यासही असेच घडते. लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून काढलेल्या चार रुग्णांचा वृत्तांत १९४१ साली बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. प्रारंभी सावरल्यासारखे वाटलेले ते रुग्ण लघवी घटत जाऊन सुमारे आठवड्याभरात दगावले.

स्नायूंतील मायोग्लोबिन हे तांबडे द्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडात येऊन तेथील सूक्ष्म नलिकांना इजा करते. लघवी कोऱ्या चहासारखी दिसते, मग कमी होते. त्याज्य द्रव्ये रक्तात साठून मेंदूस बाधतात. रोग्यास ग्लानी येते, तो असंबद्ध बोलतो. हात पुढे धरावयास सांगितले असता पंजे फडफडतात. पुढे झटके व बेशुद्धी येऊ शकते. रोगी बरळू लागला की बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे धाव घेतली जाते व मोलाचे तास वाया जातात. दोन दिवसांपूर्वीची काळी लघवी आणि आजचे बरळणे यांचा संबंध घरच्यांच्या ध्यानी येत नाही.

त्याहून तातडीचा धोका हृदयास असतो. फुटलेल्या स्नायूंतील पोटॅशियम रक्तात वाढल्यास हृदय बंद पडू शकते. उष्णता शमावी म्हणून शहाळे देण्याची रीत येथे अंगलट येते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते. वेदनाशामक गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांपैकी अनेक मूत्रपिंडास अपायकारक असतात.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शिरेवाटे सलाईन वेळीच मिळाल्यास मूत्रपिंड वाचू शकते. लघवी बंद झाल्यास डायलिसिस लागते. ती सोय हुबळी व बेळगाव येथे आहे. पहिले डायलिसिस डॉक्टर मुद्दाम थोडाच वेळ करतात, कारण रक्तातील युरिया एकदम उतरल्यास मेंदूस सूज येण्याचा संभव असतो. यंत्र लवकर बंद केले म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांशी हुज्जत घालू नये. वेळेवर उपचार झालेल्या रोग्याचे मूत्रपिंड पुष्कळदा काही आठवड्यांत पूर्ववत काम करू लागते व बुद्धीचा गोंधळही बहुधा ओसरतो.