टेलला उभे असलेले रोहित

तंजावरला राहणाऱ्या मराठी माणसाला पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो: बृहदीश्वर झालं, सरस्वती महाल झालं, आता काय? मी त्यांना कोडिक्करैला नेते. नकाशावरचं पॉइंट कॅलिमियर ते हेच. पाल्कची सामुद्रधुनी आणि बंगालचा उपसागर जिथे भेटतात त्या टोकावर १९६७ पासून अभयारण्य आहे. १९९१ पर्यंत ते तंजावर जिल्ह्यातच होतं, आता नागपट्टिनममध्ये गेलं. तिथे जाता-येता उमजलेल्या या काही गोष्टी.

१. रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, आफ्रिका गाठावी लागत नाही. केनियातल्या नाकुरू सरोवराची गुलाबी छायाचित्रं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. तिथले थवे मुख्यतः लहान रोहितांचे. कोडिक्करैला येतो तो मोठा रोहित, उंच, फिकट, पण पंख उघडले की आत लालभडक. अलीकडच्या वर्षांत नाकुरूचं पाणी वाढलं, क्षार विरळ झाले आणि पुष्कळ पक्षी बोगोरियासारख्या सरोवरांकडे वळले. तेव्हापासून कुठल्याही पाणथळीविषयी मी आधी दोनच गोष्टी विचारते: पाणी किती खोल आणि किती खारं?

२. सपाट जागेसाठी डोळ्यांना सवड द्यावी लागते. सह्याद्रीत वाढलेल्या मला निसर्ग म्हणजे कडे आणि धबधबे. कोडिक्करैलगतच्या वेदारण्यमच्या दलदलीत नजर अडेल असं काही नाही. करडा चिखल, वीतभर पाणी आणि आभाळ. बरोबरचा वनरक्षक म्हणाला, "अम्मा, आधी वारा कुठून येतोय ते बघा." पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. वारा पाठीवर घेतला की थवा आपल्याकडे बघू लागतो. तसं उभं राहिल्यावर त्या करड्या पट्ट्यातून तुतवार, चिखल्या, सुरय एकेक करून वेगळे होत गेले.

३. सौंदर्य चिखलातून येतं, हे रोहित खाताना बघून पटतं. तो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. जीभ पंपासारखी चालते, पाणी आत ओढते आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून गाळून बाहेर टाकते. पाय नाचवत तो स्वतःभोवती फिरतो, गाळ ढवळतो. पाणी उतरलं की तिथे वाटोळे खळगे दिसतात. पिल्लं करडी असतात. अंगावर लाली चढते ती खाल्लेल्या शेवाळातून आणि कोळंबीसारख्या बारक्या जिवांतून.

४. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. हे अभयारण्य काळविटांचंही आहे. आपल्या रेहेकुरी अभयारण्यातल्यासारखेच इथेही काळे नर पिळदार शिंगं मिरवत चरतात, फक्त मागे समुद्राची गाज असते. त्यांच्या गवतावर वेडी बाभूळ पसरते, रानटी झालेले घोडेही त्याच कुरणावर जगतात. काही ठिकाणी झाड उपटणं हेच जंगल राखणं असतं, हे मला या माळाने शिकवलं.

५. माणूस आणि पाखरू एकाच मिठाचे भागीदार आहेत. एप्रिल १९३० मध्ये राजाजी सुमारे शंभर सत्याग्रहींना घेऊन तिरुचिरापल्लीहून तंजावरमार्गे वेदारण्यमला चालत आले, ते इथल्या मिठाच्या सत्याग्रहासाठी. मिठागरं आजही आहेत आणि त्यांवर कित्येक घरांची चूल पेटते. त्या मजुरांना बाजूला सारून पक्ष्यांचा विचार करणं मला जमत नाही, जमूही नये.

६. सगळ्यात मोठी गोष्ट उशिरा कळते: ही कावेरीची टेल, म्हणजे पाणी पोचण्याचं शेवटचं टोक आहे. कालव्याच्या टेलला पाणी पोचलं का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कावेरीचं पाणी कल्लणैच्या बंधाऱ्यावर वाटलं जातं, पुढे भातखाचरं आपापला वाटा घेतात आणि उरलंसुरलं समुद्राकडे जातं. खाऱ्या दलदलीला गोड्या पाण्याची जोड लागते. ती मिळते ईशान्य मोसमी पावसातून आणि या उरल्यासुरल्यातून. दलदल शेवटच्या शेताच्याही पलीकडे, आणि तिच्या नावाने पाण्याचा अर्ज कोण करणार? २००२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळालं. मान मोठा आहे, पण त्याने पाणी येत नाही. शेताला पाणी हवंच, पण पाणीवाटपाच्या हिशेबात दलदलीचाही वाटा धरला पाहिजे.

तंजावरला याल तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, आणि एक दिवस जास्त काढा. दुर्बीण आणा. फोटोसाठी थवा उडवू नका; लांबून आलेल्या पक्ष्याला खाण्याचा प्रत्येक तास मोलाचा असतो. परतताना कल्लणैच्या बंधाऱ्यावरही थांबा. रोहित दिसतात कोडिक्करैला, पण त्यांचं भवितव्य बरंचसं तिथे ठरतं.