आधी खांदा बघा

बैल औत ओढता ओढता खाली बसला, तर शहाणा शेतकरी काय करतो? तो आसूड उचलत नाही. आधी जू उतरवतो. खांदा बघतो. खांदा सुजला असेल, तर त्याला हळद-तेल लावतो आणि बैलाला दोन-चार दिवस जुंपत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळण करतो. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. बैल दमतो, हे आपल्याला कळते.

पण माणूस असा बसला, तर आपण काय म्हणतो? 'आळशी झाला!' आणि तो माणूस आपण स्वतःच असलो, तर? तर आपण स्वतःलाच आसूड मारतो.

मीही तसेच केले होते. ती गोष्ट सांगतो.

माझी चूक

२०११ साल होते. एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मी मुख्याध्यापक होतो. वर्ग चार आणि शिक्षक दोन. त्या वर्षी जनगणना होती. दिवसा शाळा, मग घरोघर फिरून माणसे मोजायची. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहायचा. रात्री वीज आली, की शेताला पाणी द्यायला विहिरीवर जायचे.

पहिले काही दिवस बरे गेले. पुढे सकाळी उठतानाच अंग जड वाटू लागले. रात्रभर झोपूनही शीण जाईना. पूर्वी शाळेची घंटा ऐकली, की हुरूप यायचा. आता ती डोक्यात घण घातल्यासारखी वाटे. मुलांची किलबिल नकोशी झाली. साधी बेरीज तीन-तीनदा चुकू लागली. मी स्वतःला म्हणे, "अरे, कामचुकारपणा करू नकोस!" आणि आणखी एक कप चहा घेई.

एके दिवशी चौथीतला एक मुलगा वही दाखवायला आला. हुशार मुलगा. अक्षर मोत्यासारखे. मी तेव्हा हिशेबात होतो. तो दुसऱ्यांदा 'गुरुजी' म्हणाला आणि मी त्याची वही हिसकावून बाहेर भिरकावली. वही चिखलात पडली. मुलगा गेला, वही उचलली, सदऱ्याला पुसली. एक शब्द बोलला नाही. रडला असता तर बरे झाले असते!

रोज पुढे बसणारा तो मुलगा दुसऱ्या दिवशी शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

संध्याकाळी शेजारचे आबा बैल सोडत होते. आबांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापाशी मी मन मोकळे केले.

आबा म्हणाले, "गुरुजी, पोराची काय चूक? तुमचा खांदा सुजलाय."

मी म्हणालो, "आबा, माझ्या खांद्याला काय झालंय?"

"तीच तर गोम हाय. बैलाची सूज दिसती, म्हणून बैल वाचतो. माणसाची दिसत न्हाई."

सकाळी मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. त्याला नवी वही दिली. त्याने ती घेतली. पण परीक्षेपर्यंत तो मागेच बसला. फेकलेली वही उचलता येते. दुखावलेले मन लवकर उचलता येत नाही.

थकवा दोन जातींचा

एक थकवा साधा असतो. दिवसभर खुरपले, पाटी वाहिली, अंग दुखले. जेवलो, झोपलो, सकाळी ताजे झालो. हा थकवा चांगला. त्याला भिऊ नये.

दुसरा थकवा झोपेने जात नाही. कामाचा ताण फार दिवस साचत गेला, की तो येतो. इंग्रजीत त्याला 'बर्नआउट' म्हणतात. म्हणजे जळून जळून विझणे. दिव्यातले तेल संपले, की वात जळते, तसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद केली. हा रोग नव्हे, पण कामाच्या ताणातून येणारी अवस्था आहे, असे तिने सांगितले. तिच्या तीन खुणा :

१. अंगात त्राण राहत नाही.
२. कामाचा वीट येतो. कामाविषयी मन कडू होते.
३. नेहमीचे काम नीट होईनासे होते.

माझ्या तिन्ही खुणा जुळत होत्या. पण मला त्या वाचता येत नव्हत्या. मी मॅट्रिक झालेला, आणि आबा निरक्षर! तरी ते पुस्तक आबांनीच वाचले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अंगात रक्त कमी असले, साखर वाढली, क्षय झाला, तरीही थकवा येतो. म्हणून आधी आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या.

मग करावे काय?

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमचं पोट हातावर. बसलो, तर चूल पेटायची नाही." खरे आहे. महिनाभर बसा, असे मी म्हणत नाही. पण दुपारची भाकरी खाऊन अर्धा तास झाडाखाली पाठ टेका. रात्रीची झोप मोडू नका. पाणी द्यायला रात्री जावेच लागले, तर पाळी लावा. आज तुम्ही, उद्या भाऊ.

आपल्याकडे सावड आहे. आज सगळे तुमच्या रानात, उद्या सगळे त्यांच्या रानात. एकट्याचे ओझे दहा जणांत वाटले जाते. हातांची सावड करता, तशी मनाचीही करा. दमलो, असे कोणाला तरी सांगा. सांगण्यात कमीपणा नाही.

चहा, तंबाखू आणि दारू यांनी थकवा जात नाही. तो आसूड आहे, चारा नव्हे. आसुडाने बैल चार पावले चालतो आणि मग कायमचा बसतो.

मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या नंबरावर फोन करा. सरकारने ही सेवा २०२२ साली सुरू केली. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.

रविवार कोणी दिला?

त्या दिवसापासून मी एक नेम केला. रविवारी शाळेचा कागद उघडायचा नाही. हा रविवार आपल्याला सहज मिळालेला नाही. पूर्वी मुंबईच्या गिरणीत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना एकत्र केले. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा द्या, अशी मागणी केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. विसावा मागणे हा आळस नाही, हे लोखंड्यांनी आपल्याला शिकवले.

हे मी घरी मोठ्या अभिमानाने सांगितले. पत्नी भांडी घासत होती. ती म्हणाली, "तुम्हाला रविवार मिळाला, चांगलं झालं. माझा रविवार कुठाय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पहाटे पाणी भरणे, धार काढणे, भाकऱ्या, धुणे, मग रान. तिच्या खांद्याकडे मी तीस वर्षांत पाहिलेच नव्हते. तेव्हापासून रविवारी पाणी मी भरतो आणि भांडीही मीच घासतो. पहिल्या रविवारी शेजारी हसले. आता हसत नाहीत.

मंडळी, आज घरी गेलात, की घरातल्या माणसांकडे नीट बघा. कोण गप्प झाले आहे? कोण विनाकारण चिडते आहे? त्याला बोल लावण्याआधी त्याचा खांदा बघा. आणि आपलाही बघा.

प्रश्न

१. साधा थकवा आणि दुसरा थकवा यांत फरक काय?
२. दुसऱ्या थकव्याच्या तीन खुणा लिहा.
३. रविवारच्या सुट्टीसाठी कोण झटले?
४. तुमच्या घरात सगळ्यांत कमी विसावा कोणाला मिळतो? त्याचे कोणते काम तुम्ही उद्यापासून कराल? एक ओळ लिहा.