परिसरीय मज्जातंतूंचे पुनर्जनन आणि विकरांचे कार्य

वैद्यबंधूंनो, काचेने अथवा कोयत्याने हात कापलेला रुग्ण टाके पडल्यावर, जखम भरल्यावर आपल्याकडे येतो. बोटांना स्पर्शज्ञान नसते, पकड गेलेली असते. त्याला एखादी 'एन्झाइमची गोळी' द्यावी काय, असा प्रश्न चिकित्सक व औषधी दुकानदार दोघांपुढेही उभा राहतो. त्याचे उत्तर समजण्यासाठी तंतूच्या रचनेकडे वळावे लागते.

तुटलेल्या तंतूचा दूरचा भाग अपजनन पावतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या तंतूंवर दाखविले. अक्षतंतू नष्ट झाला तरी श्वान पेशींची पोकळ नलिका शिल्लक राहते व नवा अंकुर तिच्यातूनच पुढे सरकतो. नलिकेच्या भित्तीतील लॅमिनिन हे प्रथिन अंकुरास पोषक असते. परंतु त्यावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकनचे आवरण असते. हे आवरणच मोठा अडथळा होय.

प्रोटियस व्हल्गॅरिस या जिवाणूपासून मिळणारे कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी हे विकर त्या आवरणातील शर्करा-शृंखला तोडते. लॅमिनिन मोकळे होते, अंकुरास वाट मिळते. फ्लोरिडा विद्यापीठातील डेव्हिड म्यूर यांच्या गटाने २००२ च्या सुमारास उंदरांमधील तंतुकलमांवर हा परिणाम दाखविला. अमेरिकेत दात्याच्या तंतूपासून बनविल्या जाणाऱ्या पेशीविरहित कलमावर आज हीच प्रक्रिया केली जाते. येथे लक्षात घ्यावे की विकर कलमावर वापरले जाते, रुग्णाच्या मुखावाटे दिले जात नाही. शरीराच्या उष्णतेत त्याची शक्तीही लवकर क्षीण होते.

ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, ब्रोमेलेन, सेराशिओपेप्टिडेज यांच्या गोळ्या शोथासाठी विकल्या जातात. तुटलेला तंतू जोडण्याशी त्यांचा संबंध नाही. सेराशिओपेप्टिडेज तर जपानमधील मूळ उत्पादकाने २०११ मध्ये स्वतःहून मागे घेतले, कारण त्याचे श्रेष्ठत्व चाचणीत सिद्ध झाले नाही. दुकानदार बंधूंनी 'नसेची गोळी' म्हणून त्या देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळीच्या किमतीपेक्षा वाया जाणारा काळ अधिक महाग पडतो. अंकुर दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. कोपराजवळ तुटलेला तंतू ३०० मिलिमीटर दूरच्या हाताच्या स्नायूपर्यंत पोहोचण्यास दहा महिने लागतात, आणि तंतूविना राहिलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांनी कायमचा निकामी होतो. तीन-चार महिने गोळ्या-काढ्यांत गेले की हिशेब जुळत नाही. धारदार जखमेनंतर संवेदना गेली असेल तर रुग्णास त्वरित शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात कक्षधर मर्माच्या आघाताने पक्षाघात होतो असे सांगून त्याची गणना वैकल्यकर मर्मांत केली आहे. काखेजवळील तंतुजालाचे स्थान पाहता हे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे कळते.

तंतू जोडल्यानंतर मात्र आपले कार्य सुरू होते. सांधे आखडू नयेत म्हणून मृदू अभ्यंग व हालचाली द्याव्यात. त्यांचा आरंभ शल्यचिकित्सकाच्या संमतीनेच करावा. स्वेदनात विशेष जपावे. बधिर त्वचेला उष्णता कळत नाही, त्यामुळे पिंडस्वेदाने फोड येऊन दग्धव्रण होतो आणि रुग्ण तक्रारही करीत नाही. पोटली प्रथम आपल्या हातावर तपासावी. पूर्ण बधिर भागावर स्वेद टाळावा.

प्रगती पाहण्यास टिनेल यांची परीक्षा सोपी आहे. तंतूच्या मार्गावर दूरच्या टोकाकडून बोटाने हलके ठोकत यावे. जेथे झिणझिण्या येतात ती जागा दर महिन्यास सुमारे एक इंच पुढे सरकली पाहिजे. मोजमाप रुग्णपत्रिकेत तारखेसह लिहावे, आणि जागा सलग तीन महिने न सरकल्यास तीच पत्रिका घेऊन रुग्णास शल्यचिकित्सकाकडे परत पाठवावे.