पश्चिमेची भिंत

चि. बापू,


भडगाव रोडच्या घराचा स्लॅब टाकून झाला हे ऐकून बरं वाटलं. परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, तो हीट पंप म्हणतात तो आपल्या चाळीसगावला चालेल का?" फोनवर अर्धवट सांगितलं तर खर्च तुझा वाढायचा, म्हणून लिहितो.

हीट पंप तुमच्याकडे कधीचाच आहे. फ्रीजच्या कुशीला हात लाव, कोमट लागेल. आतल्या दुधाची, भाजीची उष्णता तिथून बाहेर पडते. एसी हेच काम खोलीसाठी करतो. तो उष्णता तयार करत नाही, इथली उचलून तिथे टाकतो. वीज लागते ती हमालीपुरती. म्हणून एका युनिटात तीन-साडेतीन युनिट उष्णता हलते, आणि लाल तारेच्या रूम हीटरमधून एका युनिटाला एकच मिळते. हॉट अँड कोल्ड एसीत एक व्हॉल्व्ह असतो. तो फिरला की गॅसची वाट उलटते आणि डिसेंबरात बाहेरची उष्णता आत येते. गार हवेतही उष्णता असते, हे आयटीआयच्या पोरांना पटवायला मला दरवर्षी आठवडा जायचा. युक्ती जुनीच. ऑस्ट्रियातल्या एबेन्सेच्या मिठाच्या कारखान्यात पेटर रिटिंगरने 1856 च्या सुमारास ती वापरली होती.

आता आपलं बघ. थंडी दीड-दोन महिने, तीही पहाटेची. ऊन मात्र मार्चपासून मृग लागेपर्यंत, आणि मे महिन्यात पारा 43-44 वर. तेव्हा हॉट अँड कोल्डचे जास्तीचे पैसे फक्त अक्काच्या खोलीत घाल, थंडीत तिचे गुडघे धरतात. हॉलला कूलरच ठेव. कोरड्या हवेत त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. पहिला पाऊस पडला की मात्र तो नुसता दमट वारा फेकतो. अंघोळीच्या पाण्याचा हीट पंप लॉजला, वसतिगृहाला परवडतो. तुम्हा चौघांना गच्चीवरचा सोलर पुष्कळ झाला. फक्त बोअरचं पाणी सोडू नकोस, खार धरेल.

पण एसी घेण्याआधी आजोबांचं धाब्याचं घर आठव. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर खारी माती. दुपारी दार ओढून घेतलं की आत अंधार आणि गारवा. तुझा स्लॅब पाच इंचांचा, वर उघडं सिमेंट. दिवसभर तापतो आणि रात्री दहाला तुमच्या डोक्यावर ओततो. तसाच ठेवलास तर एसी रात्रभर स्लॅबचीच उष्णता उपसत बसेल. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसव, पश्चिमेला पडवी काढ आणि एक कडुनिंब लाव. मग दीड टनाच्या जागी एक टन पुरेल. हा टन वजनाचा नव्हे बरं का. 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन.

आणि माझी फजिती ऐक. जन्मभर हेच शिकवलं, आणि स्वतःच्या घरी एसीचा बाहेरचा डबा पश्चिमेच्या गॅलरीत बसवला, समोर फुटावर कठड्याची भिंत. स्वतः सोडलेली गरम हवा तो स्वतःच परत ओढायचा. मेच्या दुपारी तीनला बंद पडायचा, म्हणजे नेमका लागायचा तेव्हा. जुने विद्यार्थी आले, बघून हसले, आणि त्यांनीच तो उत्तरेला हलवला. तांब्याची पाइप वाढली, गॅस पुन्हा भरावा लागला.

बसवायला येणारा म्हणेल, "थोडा गॅस सोडून हवा काढून टाकतो." ऐकू नकोस. व्हॅक्युम पंप लावायला लाव आणि वीस मिनिटं तिथेच उभा राहा. आत हवा-ओल राहिली की कॉम्प्रेसरचं आयुष्य गेलं. शिवाय हल्लीचा आर-32 गॅस थोडा पेट घेणारा आहे, तो उगाच सोडायचा नसतो. अर्थिंगचा खड्डा मात्र आजच खणून घे, नंतर फरशी फोडावी लागेल.

पाडव्याला येतोच आहे. तोवर गवंड्याला पश्चिमेच्या भिंतीत एसीचं भोक पाडू देऊ नकोस.

तुझा
मामा