विमा कंपनीने क्लेम कापला, तर दाद कुठे मागायची?

दुकानाच्या विम्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, माझा क्लेम मोठा आहे, म्हणजे मुंबईला मोठ्या कोर्टात जावं लागेल का?" बहुतेकांना नाही जावं लागणार. का, ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो.

माझं स्टेशनरीचं दुकान. एका पावसाळ्यात रात्रीत गुडघाभर पाणी शिरलं आणि वह्यांचे खालचे सगळे गठ्ठे गेले. पॉलिसी होती, प्रीमियम साधारण चौदा हजार. मी 6 लाख 80 हजारांचा क्लेम टाकला. सर्व्हेअरने 2 लाख 10 हजार धरले. वर कंपनीने एक व्हाउचर पुढे केलं, "संपूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" अशी सही करा म्हणून.

मी सही केली नाही. तुम्हीही लगेच करू नका. दबावाखाली घेतलेली सही असेल तर नंतरही दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. पण दबाव होता हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं, आणि ते सोपं नाही. सर्व्हेअरचा रिपोर्टसुद्धा शेवटचा शब्द नसतो. त्याची कॉपी लेखी मागा.

आता कुठे जायचं? पहिलं पाऊल कंपनीच्याच तक्रार विभागात, लेखी. एक महिना थांबायचं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. एकट्या मालकाचं दुकान किंवा मायक्रो एंटरप्राइज असेल तर इथे तक्रार चालते, 50 लाखांपर्यंत. फी शून्य, आणि वकील उभाच करता येत नाही, आपलं आपण बोलायचं. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं, आणि त्याच विषयावर दुसरीकडे केस चालू नको. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर पुढचे रस्ते मोकळे.

पुढचा रस्ता म्हणजे ग्राहक आयोग. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. 2019 च्या कायद्यानुसार कुठल्या आयोगात जायचं हे क्लेमच्या रकमेवर ठरत नाही, तुम्ही भरलेल्या पैशावर ठरतं. विम्यात भरलेला पैसा म्हणजे प्रीमियम! 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. माझ्यासारख्याचा चौदा हजारांचा प्रीमियम, म्हणजे जिल्हा आयोगच. भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तिथे फी नाही. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार टाकता येते, कंपनीचं हेड ऑफिस कुठेही असो.

कंपनीचा वकील म्हणेल, "हा व्यापारी आहे, ग्राहक नाही." घाबरू नका. 2002 च्या गुजरात दंगलीत जळालेल्या मालमत्तेच्या क्लेमवर हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात हाच मुद्दा आला होता. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विमा नुकसान भरून काढायला घेतात, नफा कमवायला नाही. त्यामुळे धंद्यासाठी विमा घेतला एवढ्यावरून कुणी ग्राहक नाही असं होत नाही.

आयोगाची मुदत दोन वर्षांची. लोकपालांकडे तक्रार चालू आहे म्हणून ही दोन वर्षं थांबतात, असं धरून बसू नका. नकाराचं पत्र आलं त्या दिवशीच दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा.

आणि दिवाणी कोर्ट? कंपनी थेट फसवणुकीचा आरोप करत असेल, ढीगभर साक्षीपुरावे तपासावे लागणार असतील, तर आयोग स्वतःच तिकडे पाठवू शकतो. तिथे मात्र वकील कराच.

माझं लोकपालांकडे समझोत्यात मिटलं, 4 लाख 60 हजारांना. उरलेले 2 लाख 20 हजार का गेले? त्या मालाची बिलं दुकानातच होती, खालच्या कप्प्यात. वह्यांबरोबर तीही भिजली. आता रोज रात्री बिलांचे फोटो काढून मेलवर टाकतो. बायको हसते, पण काढतो.